परीक्षकाला वाढलेलं पान

हल्ली मला अधूनमधून विद्यार्थ्यांच्या चित्रस्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावतात. फोनवरची मुलगी गोड बोलते आणि शेवटी हमखास म्हणते, ‘मॅडम, तुमचा परिचय चार ओळींत पाठवा ना, बाकीच्या परीक्षकांचा आलाय.’ मी पाठवते. कुठं शिकले, कुठं शिकवलं, प्रदर्शनं कुठं कुठं झाली. ते रंगीत कागदावर छापून येतं आणि कोणी वाचत नाही. मला मात्र दर वेळी हसू येतं. कारण परीक्षकांचा परिचय कसा काढतात हे मी लहानपणी तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, माझ्या आईकडून पाहिलेलं आहे, आणि तिच्या परिचयात डिग्रीला जागाच नव्हती.

आईला मी अम्मा म्हणत असे आणि वडिलांना अप्पा. आमचं घर भाड्याचं, लहानसं. पुढं तिण्णै, म्हणजे रस्त्याला लागून ओटा. मग दोन खोल्या, त्यामागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ओलं वाटण वाटायचा आट्टुक्कल, मोठा काळा दगडी रगडा. अम्माची सकाळ त्या दगडापाशी उजाडायची. तिच्या हातातला वरवंटा त्या खळग्यात फिरताना जो घरघर आवाज येई, त्यानं मी जागी होत असे, आणि आवाज थांबला की पीठ झालं हे पांघरुणातूनच कळे. शेजारच्या घरात वीणा बनवणारे सुतार राहत. त्यांचा रंधा सुरू झाला की फणसाच्या लाकडाचा गोडसर वास भिंतीवरून आमच्याकडे येई. मग दूधवाला, मग टाउन बसचे हॉर्न, मग शेजारच्या मामींचा रेडिओ. ह्या सगळ्यात अम्मा रागावली असेल तर फक्त तिच्या भांड्यांचा आवाज तेवढा चढलेला असे. ती तोंडानं फार बोलणारी नव्हती.

घरात मराठी, दाराबाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी, अशी आमची तीन दुकानं होती, आणि एकाचा माल दुसऱ्यात बिनदिक्कत विकला जाई. मराठी लिहिता मात्र घरात कोणालाच येत नव्हतं. आज मी जी मराठी लिहिते आहे ती मी पुढं नाशिकला सासरी येऊन शिकले. तिथं पहिल्या सणाला मी पंगतीला उभी राहून ‘अस्के जेवाला या’ म्हणाले, तेव्हा नणंदा पोट धरधरून हसल्या. सगळ्यांना आम्ही अस्के म्हणतो, त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तर ‘जेवाला या’ हेच आमच्या घराचं ब्रीद होतं म्हणा ना. तंजावूरच्या मराठी माणसांत एक रीत होती. आपली भाषा बोलणारं माणूस कामानिमित्त गावात आलं आणि हॉटेलात जेवून गेलं, तर ती गावातल्या घरांची नामुष्की. ओळख असो वा नसो. आम्ही मूठभर लोक, चहूबाजूंनी तमिळ मुलूख, तेव्हा आपलं माणूस कोण हे जेवणाच्या पानावरूनच ठरायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे असे कितीतरी अनोळखी आप्त जेवून गेले. कोणी कोर्टाच्या तारखेला आलेला, कोणी देवळाच्या नवसाला. जेवताना अम्मा हळूच विचारी, ‘तुमी कोणाचे?’ आणि ताक वाढेपर्यंत त्याचं आमचं नातं निघालेलं असे. नाही निघालं असं कधी झालं नाही.

अप्पा कलेक्टर कचेरीत कारकून होते. त्यांची रीत नेमकी उलटी. कचेरीत कामाला आलेल्या माणसाच्या पैशाची कॉफी त्यांनी उभ्या जन्मात घेतली नाही. घरून पाण्याचा कूजा नेत, कारण पाणीसुद्धा कोणी आणून दिलं तर उपकार होतो म्हणत. घरात अम्मा येईल त्याला खाऊ घाली आणि कचेरीत अप्पा कोणाचंही काही खात नसत. दोघांचा संसार सुखाचा होता, कारण दोन्ही रीतींची गाठ कधी पडत नसे.

ती पडली माझ्या चित्रामुळं. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. मला मद्रासला जाऊन चित्रकलेच्या कॉलेजात शिकायचं होतं. ड्रॉइंगच्या टीचरनं ते खूळ डोक्यात भरलं आणि मग ते निघेना. अम्माच्या मनात वेगळंच होतं. पापनाशमला तिची मावसबहीण सीताक्का राहत होती. तिचा मुलगा बँकेत लागलेला, घरचं थोडं भाताचं शेत. पापनाशम म्हणजे गाडीनं जवळच. सकाळी निघून सांजेला लेकीला बघून येता येईल एवढ्यावर. अम्मानं सीताक्काला जवळजवळ शब्द देऊन टाकला होता. अप्पा मध्ये सापडले. ते न्यायी माणूस, पण चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे आणि ते तसं कबूलही करत. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या शाळांची मोठी चित्रस्पर्धा आमच्या शाळेत भरणार असं जाहीर झालं. अप्पा म्हणाले, ‘मला कळत नाही, हिला कळत नाही. ज्यांना कळतं असे तिघं येणार आहेत. त्यांनी तुला पहिला नंबर दिला तर मद्रासला पाठवतों. नाही दिला तर अम्मा सांगेल तसं.’ मी हो म्हटलं. अम्मानं भांडी जरा जोरात ठेवली, पण हो म्हटलं.

शाळेतून छापील पत्रक आलं. त्यात परीक्षकांची नावं आणि पुढं इंग्रजी अक्षरांच्या शेपट्या. अम्मानं ते मला वाचून दाखवायला लावलं. शेपटी आली की ती म्हणे, ‘ते असूं दे. तो कोणाचा ते सांग.’ पहिले गोविंदराजू मास्तर. सोन्याचा वर्ख आणि खडे लावलेली देवांची चित्रं करणाऱ्या घराण्यातले. त्यांची ओळख अम्माला पत्रकाहून जास्त होती. तिच्या मामांनी मुलीच्या लग्नासाठी त्यांच्याकडे रामाचं चित्र सांगितलं होतं. ते आलं तेव्हा त्या मुलीचं मूल रांगत होतं. ‘पण राम बेस आला,’ अम्मा म्हणाली. दुसरे कुरियन सर, मद्रासच्या कॉलेजात शिकवणारे, मलयाळी, दाढीवाले. अम्मानं विचार केला आणि म्हणाली, ‘समुद्राकडचा माणूस. मासे लागत असतील त्याला. आपण काइ करणार.’ म्हणजे त्यांचा परिचय तिथंच संपला. तिसरं नाव आलं, सेतुमाधव राव, तिरुची, शाळाखात्यातले चित्रकलेचे निवृत्त परीक्षक. राव म्हटल्यावर अम्माची मान वर झाली.

मग दोन दिवस आमच्या गल्लीत जो तपास चालला तो पोलिसांनाही जमला नसता. पाणी भरताना, देवळात, भाजीच्या टोपलीपाशी, जिथं मराठी बाई दिसेल तिथं अम्मा विचारत होती. शेवटी निघालं ते असं: सेतुराव हे कुंभकोणमच्या आमच्या एका आत्याच्या नणंदेचे मोठे दीर. मूळचे आपल्याच गावचे, लहानपणी तिरुचीला गेलेले. पत्नी वारून काही वर्षं झालेली, मुलगा उत्तरेकडे नोकरीला, आणि स्वतः दोन्ही वेळा हॉटेलात जेवतात. हे शेवटचं ऐकलं तेव्हाच अम्माचं ठरलं. ‘आपल्या गावांत येऊन तो माणूस मेसमध्ये जेवेल?’ ती म्हणाली. तो प्रश्न नव्हताच.

आता इतक्या वर्षांनी कोणी विचारेल की, अहो, परीक्षकाला परीक्षेच्या दिवशी घरी जेवायला बोलावता, तुम्हाला काही वाटलं नाही? खरं सांगते, नाही वाटलं. मला नाही, अम्मालाही नाही. उलट अम्मानं आपल्या परीनं फार काटेकोर विचार केला होता. तिनं ठरवलं होतं की माझी लेंक स्पर्धेत आहे हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. काढला तर ते मागितल्यासारखं होईल, आणि जेवायला घालून मागणं ह्याहून ओंगळ काही नाही असं ती मानत असे. हे ज्यांना वावगं दिसलं असतं ते अप्पा एकटेच होते आणि ते आदल्या दिवशीच कचेरीच्या कामानं पट्टुकोट्टैला गेले होते.

स्पर्धेच्या सकाळी मी लवकर शाळेत गेले. चित्रं भिंतीवर लावायची होती. निघताना घरात डाळ शिजत होती, वांगी चिरलेली होती आणि सेतुरावांच्या मुक्कामी निरोप गेला होता. आमच्याकडे सकाळचं जेवण दहाला, कचेरीच्या आधी. त्या जेवणाला मी नव्हते, पण अम्मानं नंतर सांगितलं ते असं: डाळीतली रसवांगी केली होती, दह्यातली डांगर पच्चडी, रस्सम, अप्पळम म्हणजे पापड, ताकातल्या मिरच्या, थोडं पायसम. माणूस मान खाली घालून जेवला. रसवांगी दुसऱ्यांदा वाढली तेव्हा नको म्हणाला नाही. ताक झाल्यावर म्हणाला, ‘अक्का, माझी अम्मा करायची तसं.’ वयानं तो तिच्याहून कितीतरी मोठा होता, पण अक्का म्हणाला. मग जेवणानंतर मागं हात धुवायला गेला, आट्टुक्कलकडे बघत जरासा उभा राहिला आणि निघाला. लेकीचं नाव अम्मानं घेतलं नाही. त्याचा तिला अभिमान वाटत होता.

आता माझ्या चित्राबद्दल. ते मी स्वयंपाकघरात बसूनच काढलं होतं. अम्मा मागच्या दाराशी वाटायला बसलेली, पाठमोरी. नऊवारीचा आमच्या बायकांचा कासोटा, सैल झालेला आंबाडा, वरवंट्यावर पडलेला तिचा उजवा हात, बाजूच्या खिडकीचे निळ्या रंगाचे गज आणि फळीवरची पितळी भांडी. दारातून येणारा उजेड तिच्या खांद्यावर होता आणि बाकी सगळं जरा अंधारात. कितीतरी सकाळी मी ते काढत होते. बसायला जागा एकच सोयीची होती, देवाच्या कोनाड्याखाली, जिथून सगळं दिसतं. पाहुणा आला की त्याचं पान तिथंच मांडतात.

चित्रांवर नावं नव्हती, नुसते आकडे. पण तेव्हाचं परीक्षण बंद खोलीत होत नसे. हॉलमध्ये आम्ही मुलं मागं चटईवर बसलेली, आणि तिघं परीक्षक आमच्यासमोरच एकेका चित्रापाशी जात, मोठ्यानं बोलत, हातातल्या कागदावर गुण लिहीत. सेतुराव बारीक, उंच, पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे नुसत्या गुंडाळलेल्या धोतरातले. कुरियन सर चित्रासमोर चक्क उकिडवे बसत. गोविंदराजू मास्तर प्रत्येक चित्रात आधी चेहरा शोधत, कारण त्यांच्या घराण्यात चेहरा सगळ्यात शेवटी आणि घरातल्या थोरल्यानंच काढायचा. चेहरा जमला नसेल तर बाकी चित्राकडे ते बघतही नसत. कुंभकोणमच्या एका मुलानं देवळाचा रथ काढला होता. चाकं, दोर, पताका, ओढणारी माणसं, एक रेघ इकडची तिकडे नाही. मास्तर त्याच्यासमोरून हलेनात.

मग माझं चित्र आलं. मास्तर म्हणाले, ‘चेहरा कुठं आहे? पाठीला कोणी नमस्कार करतं का?’ मुलं हसली. माझे कान तापले. कुरियन सर बराच वेळ उकिडवे बसून होते. मग उठले आणि तमिळमध्ये, आपल्या मलयाळी हेलात म्हणाले, ‘मास्तर, माझी आई गेली तेव्हा मी बोटीवर होतो, शेवटचं बघायला मिळालं नाही. मला ती आठवते ती अशीच. परसात मासे साफ करत बसलेली, पाठ आमच्याकडे. चेहरा मला आठवावा लागतो, पाठ आठवावी लागत नाही.’ आणि त्यांनी खाली वाकून गुण लिहिले. मास्तरांनीही लिहिले, पण त्यांच्या हाताच्या हालचालीवरूनच कळलं की कमी लिहिले. राहिले सेतुराव. आता सगळं त्यांच्यावर होतं. मी मांडीवर हात आवळून बसले होते.

सेतुराव चित्राकडे बघत होते. आधी जरा पुढं झुकले, खिडकीच्या गजांपाशी. मग मागं सरकले. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. ‘ह्याला मी गुण देणार नाही,’ ते म्हणाले. हेडमिस्ट्रेस बाई घाईनं पुढं आल्या. ते म्हणाले, ‘ह्या स्वयंपाकघरात मी आज सकाळी जेवलो. ह्याच जागेवर बसून.’ बाईंनी समजावलं की चित्राखाली नाव नाही, आणि इथं कोणाला काही ठाऊक नाही. ‘नाव मलाही ठाऊक नाही,’ सेतुराव म्हणाले, ‘पण त्या घरचं मीठ अजून पोटात आहे.’ कुरियन सरांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा सेतुरावांकडे, आणि खांदे पाडले. त्या चित्राला दोघांच्याच गुणांची सरासरी धरली गेली. मास्तरांचे कमी, कुरियन सरांचे भरपूर. रथाला तिघांचेही चांगले. पहिला नंबर रथाचा आला, दुसरा माझा. मला प्रशस्तिपत्र आणि स्टीलचा डबा मिळाला. मद्रास हातचं गेलं होतं.

घरी आले तेव्हा अम्मा चुलीपाशी पोतेरं फिरवत होती. ‘काइ आलं?’ म्हणाली. मी दुसरा म्हटलं आणि का ते सांगितलं. तिचा हात थांबला. ‘मी काइ सांगितलें नव्हतें त्यांना,’ ती म्हणाली. ‘तुझं नावही काढलें नव्हतें.’ मला तिच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येईना, कारण ती बोलत होती ते खरंच होतं. मी पुढच्या खोलीत जाऊन पडून राहिले. कुशीवर वळून रडले, पोटभर.

दुपारी अप्पा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले, बसले, आणि अम्माला म्हणाले, ‘बाहेर मी लोकांच्या पाण्याला शिवत नाही, आणि घरात तू परीक्षकाला पायसम वाढतेस.’ अप्पा रागावले की हळू बोलत, आणि ते जास्त लागे. ते म्हणाले, ‘असूं दे. तुझ्या मनासारखं झालं. पापनाशमला कळवून टाक.’ हे त्यांनी बोलायला नको होतं. अम्मा उठून आत गेली आणि तांदूळ धुवायला लागली. तांदळाच्या पाण्याचा आवाज मला खोलीत ऐकू येत होता, नेहमीपेक्षा फार जास्त वेळ.

उन्हं उतरल्यावर दारात सेतुराव आले. हातात पिशवी, तिरुचीची बस पकडायच्या बेतात. तिण्णैखाली रस्त्यावरच उभे राहिले, चप्पल काढली नाही. अप्पांनी या म्हटलं तरी चढले नाहीत. अम्मानं आपसूक पाण्याचा चंबू बाहेर आणला. त्यांनी हात जोडले. ‘आत्तां नक्को, अक्का. आधी बोलूं द्या. पाणी घेतलें की मग मला खरं बोलाला येत नाही.’ मग अप्पांकडे वळून म्हणाले, ‘मी तुमच्या लेंकेचं नुकसान केलों काइ, ते विचाराला आलों. हेडमिस्ट्रेसनी मद्रासचं सांगितलं.’

अप्पांनी थेट विचारलं, ‘तुमी गुण दिले असतेत तर पहिला आला असता?’

‘नाही,’ सेतुराव म्हणाले. ‘मी तिसरा दिला असता.’

मी दाराआड होते. कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. ते पुढं बोलत होते, शाळामास्तरासारखे, एकेक शब्द सुटा करून. हात आणि दगड ह्यांचं माप चुकलं आहे, म्हणाले. दगड एवढा तर हात ह्याहून दांडगा हवा, ह्या हातानं वाटण होणार नाही. फळी तिरकी झाली आहे, रंग गढूळ आहेत. अप्पा ऐकून मान हलवत होते. निदान आपला निर्णय बरोबर ठरला ह्याचं त्यांना बरं वाटत असावं. मग सेतुराव म्हणाले, ‘तो रथ बघितलात काइ? अहो सार, मी आयुष्यभर पोरांची चित्रं तपासलों. रथ काढणारा दर गावांत एक असतो. त्याला कोणी काइ शिकवाला नक्को, त्याचं झालं. तो म्हातारा होईपर्यंत तोच रथ काढेल, आणि बेस काढेल. हिच्या चित्रात चुका आहेत, त्या बघून बघून झालेल्या चुका आहेत. उजेड कोठ पडतो तें हिला कोणी शिकवलेलं नाही, आणि तो हिनं बरोबर धरलाय. नंबर झालेल्या चित्राला देतात. कॉलेजात मात्र अजून व्हायचं आहे त्याला पाठवतात. तुमी दोन्ही एकाच मापांत घातलेत.’

सेतुरावांनी अम्मापुढं हात केला, चंबू घेतला, तिथंच उभ्यानं वरून पाणी प्याले आणि तोंड पुसलं. ‘रसवांगी बेस होती, अक्का,’ म्हणाले आणि बसकडे चालू लागले. पुढं मी किती परीक्षकांबरोबर बसले, पण असा स्पष्ट माणूस पुन्हा भेटला नाही. त्यांची ती तिसऱ्या नंबराची जागा मला फार वर्षं बोचत होती. आता वाटतं, बरोबर होती.

रात्रीच्या जेवणाआधी अम्मानं चित्राची गुंडाळी स्वतःच सोडली. तोवर तिनं ते नीट पाहिलंच नव्हतं. मी काढत असताना तिची पाठच होती माझ्याकडे. तिनं ते दिव्याखाली धरलं. ‘माझा आंबाडा असा सुटलेला असतो काइ गं?’ म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. ‘रोज बसत होतीस तिकडे?’ मी हो म्हटलं. ‘मला वाटलं, अभ्यास करतेस.’

अप्पा म्हणाले, ‘तो माणूस म्हणतो तें पटतं. पण मी शब्द दिलाय, पहिल्या नंबराचा. दुसऱ्यावर पाठवलं तर माझ्या शब्दाला काय किंमत?’ ते खरंच अडचणीत होते. अप्पांचा शब्द म्हणजे त्यांचा कूजा, कोणाला हात लावू देत नसत. अम्मानं चित्र गुंडाळलं, दोरा बांधला. ‘तुमचा शब्द तुमच्यापाशी असूं दे,’ ती म्हणाली. ‘लेंकेचे गुण गेले ते माझ्या जेवणानं गेले. पापनाशमला शब्द दिलाय तो मी. तो मी उद्या परत घेऊन येतें. मग ही मोकळी. मोकळ्या पोरीला मी मद्रासला पाठवतें, तुमी पाठवूं नक्को.’ अप्पांनी तिच्याकडे पाहिलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्यासमोर एवढी वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती, आणि बहुधा त्यांनीही.

दुसऱ्या दिवशी अम्मा सकाळच्या पॅसेंजरनं पापनाशमला गेली. एकटी. नेहमी जाताना ती सीताक्कासाठी काही करून नेई, तसा तिनं मुरुक्कूंचा, म्हणजे चकल्यांचा, डबा भरून घेतला, चांगली जरीची साडी नेसली. अप्पा स्टेशनवर सोडायला येतो म्हणाले तर नको म्हणाली. मी दिवसभर घरात होते. काम काही सुचेना. वीणावाल्यांचा रंधा ऐकत होते आणि मनात म्हणत होते, सीताक्का मायेची आहे, दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या, समजून घेईल. दहा वाजले, बारा वाजले. आता तिथं पानं मांडली असतील, दोघी बोलत बसल्या असतील, कदाचित सांजच्या गाडीनं येईल.

ती दुपारीच आली. ऊन टळटळत होतं. तिनं पाय धुतले, तोंड धुतलं आणि पदरानं पुसत स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसली. डबा बाजूला ठेवला. तो रिकामा होता, म्हणजे मुरुक्कू तिनं दिले होते. मी विचारलं, ‘काय म्हणाली सीताक्का?’

‘काइ म्हणेल. बस म्हणाली. बसलें. सांगितलें. ऐकलं तिनं.’

‘रागावली?’

अम्मा चुलीकडे बघत म्हणाली, ‘भात आहे काइ गं? वाढ थोडा.’

मला कळायला क्षणभर वेळ लागला. सकाळी लवकर घरून निघालेली ती, जेवणाच्या वेळी आपल्या मावसबहिणीच्या घरात होती, आणि आता उपाशी परत आली होती. सीताक्कानं तिला जेव म्हटलं नव्हतं. कोर्टात आलेल्या, देवळाला आलेल्या, कुठल्या कुठल्या माणसांना जिनं पान वाढल्याशिवाय जाऊ दिलं नाही, तिला तिच्याच माणसांनी बिनजेवता दारातून परत पाठवलं होतं, आणि ते तिला तिथं जाण्याआधीच ठाऊक असलं पाहिजे. म्हणून तर ती कोणाला बरोबर येऊ देत नव्हती.

मी पान मांडलं. भात घेतला, रस्सम घेतलं, लोणचं ठेवलं. अम्माला मी वाढते आहे असं त्याआधी कधी झालं नव्हतं. ती नेहमी शेवटी आणि स्वतःच्या हातानं घेऊन जेवत असे. मी डोळे पुसून पुन्हा पळी घेतली. तिनं मान वर केली नाही. भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला.

‘रडूं नक्को,’ ती म्हणाली. ‘मद्रासला कोणी आपलं असलं तर हॉटेलात जेवूं देऊं नक्को त्याला. आणि ताक आण.’